झाकणाचं पाणी

माहूज, शुक्रवार दुपार

चि. लान,

तुला मराठी वाचता येत नाही, म्हणूनच हे लिहायचा धीर झाला. माझ्या लेकानं, राजसनं तुला वाचून दाखवलं तर मला लाज वाटेल, तेव्हा पाठवणार नाही.

आज तुमच्या व्हिएतनामचा तो थरांचा केक वाफवला. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध, मूगडाळ, सगळं माझ्या डब्यांतलंच. हिरव्या थरावर पिवळा ओतत गेले. वाफेनं खिडकी धुरकटली, समोरच्या बिल्डिंगी विरघळल्या, आणि वाटलं, तू शेजारी उभी आहेस, हातात फडकं घेऊन.

गेल्या वर्षी नवी सून म्हणून आलीस, तेव्हा दर थराला झाकणाचं पाणी पुसत होतीस. मी फडकं काढून घेतलं. म्हटलं, ‘वाफ मोडते. आम्ही मोदकांना असं करत नाही.’ केकला खड्डे पडले. पाहुण्यांसमोर मी म्हणाले, ‘हिला कुठलं जमायला.’ तुला शब्द कळले नाहीत, तरी म्हणालीस, ‘सॉरी, आई.’

आजही मी पुसलं नाही. झाकणाचं पाणी टपटपलं आणि तसेच खड्डे पडले.

तोच केक गणपतीपुढे ठेवलाय. तुझं ते सॉरी या स्वयंपाकघरात अजून तसंच आहे. ते माझं होतं, लान.

तुझी,
आई