वाढदिवसाचा फोटो

आदरणीय शेवंताताई,

सलाम. उपासनेनंतर मंडळीने तुमच्या वाढदिवसाचं गाणं म्हटलं, तेव्हा मी फोटो काढला. चर्चच्या पेजवर टाकण्याआधी सर्वांसमोर विचारलं, "कोणाला नको असेल तर हात वर करा." तुम्ही केला नाहीत. मी तुमचं पूर्ण नाव आणि खाली 'मयूर विहार, दिल्ली' असं लिहिलं.

चौथ्या दिवशी तुमचे यजमान चर्चच्या दारात आले. त्यांच्या माराला भिऊन तुम्ही दिल्लीत आला होतात, हे मला तेव्हा कळलं. त्याच दुपारी तुम्ही खोली सोडलीत.

पाळकसाहेब म्हणाले, "अरे, हात वर केला असता तर सगळ्यांनी कारण विचारलं असतं ना."

फोटो काढून टाकला आहे. आता प्रत्येकाला एकटं गाठून विचारतो. तुमचा नवा पत्ता पाळकसाहेबांकडे आहे. मी तो मागणार नाही, त्यामुळे हे पत्र माझ्याकडेच राहील.

आपला,
शमुवेल