खडकावरचं गाणं

अँड्रोस बेट,
द्राक्षतोडणीचा महिना, पौर्णिमेचा दुसरा दिवस

प्रिय लिसिदा वन्संना मेलिताचा नमस्कार.

तुमचा निरोप रांजणवाल्या व्यापाऱ्याबरोबर पोचला. थोरलीचं लग्न ठरलं हे ऐकून फार आनंद झाला. मुलगा मच्छीमाराच्या घरचा म्हणता, म्हणजे पोरीला मासळीची ददात नाही. सोबत लोकर आणि सुके अंजीर पाठवते आहे. अंजीर यंदा जरा बारीकच आहेत, चालवून घ्या. द्राक्षं मात्र बरी आली. तांबडी शेळी व्याली, जुळी करडं झाली.

लग्नात अल्कोनने पावा वाजवावा अशी तुमची इच्छा आहे. साहजिकच आहे. लहानपणी फुंकर कशी मारायची ते भावाला तुम्हीच शिकवलंत. पण त्याचं येणं जमेलसं दिसत नाही.

तिकडच्या बंदरात खलाशी म्हणे त्याच्या नावाने प्याले उचलतात. अल्कोन होता म्हणून सायरेनांच्या खडकाजवळून जिवंत परतलो, असं सांगतात. खोटं नाही ते. वल्ह्यांना ताल द्यायला तो जहाजावर होता. त्या अर्ध्या बाया नि अर्ध्या पक्षिणी गायला लागल्या, तशी माणसं वल्ही टाकून उठू लागली. नाखवा ब्रिआस ओरडला, "अल्कोन, वाजव, नाहीतर सगळे पाण्यात उड्या टाकतील." तो त्या गाण्याच्या वरताण वाजवत राहिला, ओठ फुटून रक्त येईपर्यंत. बाकीच्यांच्या कानांत त्याचाच पावा भरला आणि सगळे आपापल्या घरी आले.

पण गाण्यावर मात करायची तर आधी ते ऐकावं लागतं, वन्सं. पुरतं ऐकलं ते त्याने एकट्याने.

गावाने समुद्रदेव पोसायडनला बैल दिला, जेवणावळ घातली. त्यानंतर अल्कोनने पावा तोंडाला लावला नाही. शेजारच्या लग्नात पोरी मागे लागल्या तर म्हणाला, "दात दुखतोय." दिवसभर किनाऱ्यावर पश्चिमेकडे तोंड करून बसायचा. मी जेवायला बोलवायला गेले, की माझ्याकडे असा बघायचा जणू मी कुणा दुसऱ्याच्या घरची बाई आहे.

मला वाटलं, त्या पक्षिणींचं वेड लागलं. विहिरीवरच्या बायकांनी माझे कान भरलेच होते. एकदा जवाच्या भाकऱ्या थापता थापता मी टोमणा मारला, "एवढ्या देखण्या होत्या का त्या?"

"दिसल्याच नाहीत."

"मग गळा एवढा गोड?"

त्याने चुलीतलं लाकूड आत सारलं. म्हणाला, "एर्सा होती."

वन्सं, तापात पोर गेली तेव्हापासून आमच्या घरात हे नाव कुणी उच्चारलं नव्हतं. तुम्हीही निरोपात टाळता, मला कळतं.

"तशीच बोबडं बोलत होती," तो म्हणाला. "बाबा, थांब ना, म्हणत होती. आणि मी तिच्या आवाजावर पावा वाजवला, मेलिता. ती जितक्या मोठ्याने हाक मारी, तितका मी जोरात फुंकत होतो. ऐकू येईनाशी होईपर्यंत."

मी समजूत घातली. म्हटलं, "ती एर्सा नव्हती रे. एर्सा मेलेल्यांच्या राजाच्या, हेडीसच्या घरी गेली, तिथून कुणी खडकावर येऊन बसत नाही. ज्याचं जे गेलं, तेच त्या गातात."

"ठाऊक आहे मला."

"मग?"

"ठाऊक असून काय करू?"

वसंतात त्याने आपली जुनी होडी डागडुजीला काढली. मी भांडले, रडले, शीड कडब्यात लपवून ठेवलं. त्याने शोधलंसुद्धा नाही. नुसता होडीशेजारी बसून राहायचा. अन्नावरची वासना उडाली, मनगटं काडीसारखी झाली. असा डोळ्यांदेखत झिजताना बघवेना, तेव्हा शेवटी मीच शीड काढून दिलं.

भाकऱ्या, ऑलिव्ह, पाण्याची पखाल सगळं होडीत ठेवलं आणि म्हटलं, "मलाही ने."

तो म्हणाला, "दोघं गेलो तर तिच्या थडग्यावर दूध-मध कोण ओतणार?"

होडी पाण्यात ढकलायला मीही खांदा लावला. पावा तो घरीच ठेवून गेला. या खेपेला त्याला नुसतं ऐकायचं होतं.

हे लिहायचं मी मघापासून टाळत होते. तो गेल्यापासून काही खबर नाही. बायका म्हणतात, तो आता येत नाही, केस काप, रडून मोकळी हो. मला रडू येत नाही. एकटीसाठी पीठ किती घ्यायचं, ते अजून हाताला कळत नाही. रोज उरतं. लग्नघरी यातलं काही बोलू नका. अल्कोन लांबच्या सफरीवर आहे, एवढंच सांगा.

त्याला मी इतकं सगळं विचारलं. पण पोरीने मला हाक मारली का, आईला काही म्हणाली का, हे विचारायची छाती झाली नाही. आता थडग्यावर दूध ओतून झालं की मी तिथेच बसून राहते. कान देऊन ऐकते. काही ऐकू येत नाही.

एर्साची आई,
मेलिता