बाबांच्या सायकलला मोटर

बाबा,

सायकल जिन्याखाली आहे. आधी काय ओरडायचं ते ओरडून घ्या, मग पुढचं वाचा. मी दुकान उघडायला गेलेय, ऐकायला मी घरात नाही.

पेडलांच्या मधोमध मोटर बसवली आहे. चाकं, सीट, घंटी सगळं तुमचंच, हात लावलेला नाही. बॅटरी सीटमागच्या हत्यारांच्या पिशवीत लपवली आहे, म्हणजे चौकातल्या तुमच्या मित्रांना चिडवायला निमित्त नको.

पेडल तुम्हालाच मारायचं आहे. मोटर नुसता आधार देते, मला सायकल शिकवताना तुम्ही मागून धरायचात तसा. फरक एवढाच, की ही न सांगता सोडून देत नाही.

गिअर बदलताना मात्र क्षणभर पाय सैल सोडा. मोटरचा सगळा जोर चेनवर येतो. तुम्ही नेहमीसारखे दात-ओठ खात दाबत राहिलात, तर चेन तुटेल. सैल सोडणं तुम्हाला जमत नाही, ठाऊक आहे. आता शिका.

आईला मी "सर्व्हिसिंग केलं" एवढंच सांगितलंय. बाकीचं तुम्ही सांगा.

शाळेजवळच्या चढावर तुम्ही रोज उतरता आणि चाक दाबून हवा तपासत उभे राहता. दुकानाच्या दारातून मला सगळं दिसतं. आता उतरावं लागू नये. तरीही लागलंच, तर चाकाशी वाकू नका, सरळ मला हाक मारा.

हवा मी रोज सकाळी भरते, बाबा.

ठमी