दोन पांढऱ्या पुड्या

हिंगोली, शनिवार, सन १९३८

वडील बंधूसमान वसरामदादा यांस,

कय्युमचा सलाम आणि रामराम, दोन्ही पोचावेत. तुमची तब्येत कशी आहे, रुख्मिणीबाई वहिनींचा खोकला थांबला की अजून काढा घेऊन राहिल्या, तांबडी गाय व्याली का, हे सगळं सवडीनं कळवा. इकडं अल्लाच्या मेहेरबानीनं अख्तरी आणि लेकरू खुशाल आहेत. माझ्या सासूबाई मदीनाबी जिवंत आहेत. (हे वाचून हसू नका. काल भर दुपारी हे वाक्य मला लिहिता येईल याची खात्री नव्हती. पत्र लांबणार आहे ते त्याच्याचमुळं.)

दादा, वाशीमहून निघताना मला वाटलं, मोटारीत बसलो की जेवणाच्या आत हिंगोली, एवढ्या अंतरात मुलूख तो काय बदलणार. पण कन्हेरगावाच्या अलीकडं इंग्रजांचं राज्य आणि पलीकडं निजामाचं, ही गोष्ट शाळेत पाठ केली होती ती इथं बाजारात समजली. आपला इंग्रजी कलदार रुपया दुकानदार उलटापालटा करून बघतो. पायली आपल्यासारखीच दिसते पण घरी आल्यावर ज्वारी कमी भरते आणि बायको माझ्याकडं बघते. तेही चाललं असतं. खरी तकलीफ माझ्या टोपीची आणि दाढीची. ती बघून इथला प्रत्येक माणूस माझ्याशी खाशी उर्दू बोलतो आणि लिहिलेला कागद पुढं करतो. तुम्ही आणि मी एकाच बाकावर मास्तरांच्या छड्या खाऊन मराठी शिकलो. उर्दूचं एक अक्षर मला ओळखू येत नाही, ते तुम्हाला माहीत आहे आणि तुमच्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं. इथं कापसाच्या जिनात वजनकाट्यावर नोकरी देताना गुलाबचंद शेठनं विचारलं, उर्दू तर येतच असेल. मी मान डोलावली. (तोंडानं मी काहीच बोललो नाही, हे ध्यानात घ्या.)

आता सासूबाई. लेकीच्या बाळंतपणासाठी आल्या त्या इथंच आहेत आणि मी आणलेला बाजार त्यांच्या पसंतीला एकदाही उतरलेला नाही. परवा मी वांगी आणली. त्या अंगणात बसून एकेक वांगं चिरून त्यातली अळी सगळ्या गल्लीला दाखवत होत्या. शेजारची जमनाबाई दूध मोजायचं सोडून बघत राहिली. त्यांचं पोट आठ-पंधरा दिवसांपासून बिघडलेलं, त्याचाही दोष माझ्या बाजारावर. मी चिडून मोठ्यानं बोललो, "असल्या पोटाला एकदाचं औषधच द्यायला पाहिजे." गल्लीनं ऐकलं. समोरच्या ओट्यावर आमचे घरमालक खाजा मिया बसलेले, त्यांनीही ऐकलं. तेव्हा हे वाक्य मला फार चांगलं जमलं असं वाटलं होतं.

काल जुम्मा, जिनाला सुट्टी. सकाळीच औषधं विकणाऱ्या अन्सार अत्ताराच्या दुकानी गेलो. दोन जिनसा पाहिजे होत्या. सासूबाईंच्या लापशीसाठी आरारोट, आणि उंदरांसाठी सोमलाचं विष. (घरात उंदीर इतके माजलेत की पाळण्याची झालर कुरतडून राहिले, अख्तरीला रात्री झोप नाही.) अन्सार अत्तार मोठा सज्जन माणूस. त्यानं एकाच रद्दी कागदाच्या, एकाच मापाच्या दोन पुड्या बांधल्या, दोन्हींवर बोरूनं काही लिहिलं आणि म्हणाला, "चूहे की दवा पर लिख दिया हूँ मियाँ, पढ के रखना, बच्चेवाला घर है." मी दोन्ही पुड्यांकडं नजर फिरवली आणि म्हणालो, "बराबर." मग मनाशी ठरवलं, उजव्या खिशातली उंदराची, डाव्या खिशातली सासूबाईंची. तसंच घोकत घोकत चाललो. वाटेत मेथीची जुडी घेतली, सुटे पैसे काढायला खिसे उपसले, पुड्या हातात घेतल्या, परत ठेवल्या. घराच्या दारात आलो तेव्हा ध्यानात आलं की आता उजवं काय आणि डावं काय, हे फक्त अल्लालाच ठाऊक.

तरी विचार केला, पुड्या फळीवर ठेवू, नमाज झाली की अत्ताराकडं नेऊन काही बहाण्यानं विचारून घेऊ. पुड्या फळीवर ठेवल्या, तेवढ्यात खाजा मियांनी बाज उचलायला हाक मारली. मी दारातूनच अख्तरीला ओरडून सांगितलं की पुड्यांना हात लावू नको. ती मागच्या अंगणात लेकराला अंघोळ घालत होती, लेकरू रडत होतं, तिनं काही ऐकलं नाही. बाज इकडून तिकडं, तिकडून परत इकडं, खाजा मियांचं समाधान होईना. घरी आलो तर चुलीपाशी रिकामा वाडगा पडलेला, एक पुडी फोडून संपलेली, एक तशीच. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"लापशी कोणी केली?" मी विचारलं.

"मीच केली. तुमची वाट बघत काय मरू का?"

"कोणती पुडी घेतली?"

"पांढरी."

दादा, दोन्ही पांढऱ्या होत्या. फोडलेल्या पुडीचा कागद विचारला तर म्हणाल्या, चुलीत गेला. पोट कसं आहे विचारलं तर म्हणाल्या, दुखतंय. पण ते तर रोजच दुखतं, त्यावरून समजायचं काय? मी मिठाचं पाणी करून आणलं, म्हणालो, अम्मा, एवढं पिऊन ओकून टाका. (अम्मा असं मी त्यांना पहिल्यांदाच म्हणालो.) त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाल्या, "खाल्लेलं अन्न काहून ओकू? जावयाला आता तेही देखवत न्हाई का?" आणि डोळे मिटून आडव्या झाल्या.

उरलेली पुडी घेऊन मी पळत सुटलो. जमनाबाईला वाचता येत नाही. शेठच्या पेढीवरचे लोक मोडी वाचतात. अत्ताराच्या दुकानाच्या फळ्या लागलेल्या, सगळे जुम्म्याच्या नमाजाला गेलेले, आणि सफांतून, नमाजाच्या रांगांतून, माणूस ओढून काढायची माझी छाती झाली नाही. (मी स्वतः त्या वेळी मशिदीत नव्हतो हे तिकडं माझ्या अम्मीला कळवू नका.) तिथं बंद फळ्यांपुढं उभं राहून मला सगळं दिसायला लागलं. अख्तरीचं तोंड दिसलं. परवा ऐकलेलं वाक्य सांगायला आलेली गल्ली दिसली. फौजदार पुडी माझ्यापुढं धरून म्हणतो, यावर साफ लिहिलंय, तुम्हाला उर्दू येते ना? येते म्हटलं तर मी खुनी, येत नाही म्हटलं तर कोण मानणार.

वाचू शकेल असा एकच माणूस जवळ होता, खाजा मिया. गुडघ्यांमुळं ते घरीच नमाज पढतात आणि रोज संध्याकाळी गल्लीला उर्दू अखबार वाचून दाखवतात. पण त्यांची रोजची बैठक शेठच्या पेढीवर. त्यांना कळलं की शेठला कळलं, आणि माझी नोकरी गेली. दादा, खोटं कशाला लिहू, त्या परत येण्याच्या वाटेवर माझे पाय मधेच थांबले. मनात आलं, कदाचित बरोबरच पुडी घेतली असेल, कशाला उगाच. मग घराच्या आतून कण्हण्याचा आवाज आला.

मी पुडी खाजा मियांच्या हातात दिली. म्हणालो, "हे वाचा लवकर. मला उर्दू येत न्हाई. कधीच येत नव्हती. सासूबाईंच्या पोटात काय गेलं ते सांगा."

त्यांनी पुडी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, उजेडाकडं फिरवली. मग म्हणाले, चष्मा आत आहे. आत गेले. आणि बाहेर येईनात.

"चूहे की दवा," आमच्या दारातून आवाज आला. मदीनाबी चौकटीला धरून उभ्या होत्या. "त्या पुडीवर चूहे की दवा लिहिलंय. मी खाल्लं ते आरारोट. फोडायच्या आधी वाचलं मी."

"तुम्हाला वाचता येतं?"

"कुराणशरीफ कोण वाचतं रोज सकाळी? अक्षरं तीच असतात."

मी ओट्याच्या पायरीवर बसलो. म्हणालो, पण आता खाजा मिया शेठला सांगतील. सासूबाईंनी खाजा मियांच्या बंद दाराकडं बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "ते काय सांगतात. मी आले तेव्हापासून एकच जुना अखबार पुढं धरून राहिले, रोज निराळी खबर सांगतात." मग म्हणाल्या, "नोकरी जाईल हे ठाऊक असून विचारलं तुमी." त्या आत गेल्या आणि उरलेली लापशी माझ्यासाठी घेऊन आल्या. त्यांच्यासमोर बसून मी ती सगळी संपवली.

आज सकाळपासून धान्याच्या कणगीमागं आमची शाळा सुरू आहे. जमिनीवर कोळशानं त्या काढतात, मी गिरवतो. चुकलं की म्हणतात, वांगं असंच निवडलं असेल. अख्तरीला वाटतं आम्ही भांडतोय. वाटू द्यावं. घरच्या सगळ्यांना सलाम, वहिनींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा,
कय्युम

ता. क. : मूळ काम राहिलंच. माझा मेव्हणा वाशीमहून पुढच्या आठवड्यात आईला घेऊन जायला येऊन राहिला. मीच त्याला गयावया करून बोलावलं होतं. त्याला कसंही करून थांबवा. तुमच्या तांड्यावर जेवायला बोलवा, बैल दाखवा, वाटलं तर सांगा की मदीनाबींचे गुडघे धरलेत, गाडीत चढवत नाही. मी अजून 'जीम' या अक्षरापर्यंतच आलो आहे.

ता. क. दुसरा : सासूबाईंनी विचारलं, एवढं काय लिहिताय? मी म्हटलं, खुशाली. तर म्हणाल्या, त्यात हेही लिहा की माझ्या पोराला कोणीतरी कळवा, आईला ताप आहे, महिनाभर तरी हलवता येणार नाही. म्हणजे मी गुडघे म्हणालो आणि त्या ताप म्हणाल्या. तुम्ही दोन्हींपैकी एकच काहीतरी सांगा, आणि काय सांगितलं ते उलट टपालानं कळवा, म्हणजे आम्ही दोघं तेच दुखवून घेऊ.