राखीव खेळाडू सज्ज आहे

४ नोव्हेंबर
विभागीय बॅडमिंटन स्पर्धेसाठी क्लबचा संघ जाहीर झाला. एकेरीला माझा मेहुणा (कॅप्टनही तोच) आणि टायरवाला. दुहेरीला दातांचे डॉक्टर आणि गणिताचे सर. राखीव : मी. मेहुणा म्हणाला, भाऊजी, नावापुरतंच हं, तुम्हाला काही खेळावं लागणार नाही. मी नुसता हसलो. हुकमाचा एक्का शेवटपर्यंत हातातच ठेवतात.
वैयक्तिक स्पर्धेतही नाव दिलंय. पंचेचाळिशीपुढचा गट. उद्यापासून पहाटे धावणे.

५ नोव्हेंबर
धावलो नाही. शक्ती जपायला हवी. हिने विचारलं, कशासाठी? मी कूस बदलली.

९ नोव्हेंबर, पहाट
स्वप्न. सांघिक सामना बरोबरीत आणि माइकवर माझं नाव. समोरून शटलऐवजी औषधाच्या बाटल्या येत होत्या. एकही परतवता आली नाही. घामाघूम होऊन उठलो. याला भीती म्हणत नाहीत. शरीर आतून तयार होत असतं.
तरी एक विचार आला. चौघे ठणठणीत राहिले तर माझी पाळी येणारच नाही. म्हणजे त्यांची तब्येत हीच माझी प्रॅक्टिस. आपलं मेडिकलचं दुकान कधी कामाला यायचं?

११ नोव्हेंबर
चौघांना घरपोच दिलं : क्रेप बँडेज, दुखण्यावरचा स्प्रे, ओआरएसची पाकिटं. दातांच्या डॉक्टरांना बजावलं, जिना उतरताना कठडा धरा. ते म्हणाले, तुम्ही फारच मनावर घेता बुवा. गणिताच्या सरांना तर भरून आलं. टीम स्पिरिट म्हणतात ते हेच, म्हणाले. मी नम्रपणे मान खाली घातली.

१५ नोव्हेंबर
वैयक्तिक स्पर्धा. समोर विमा कंपनीतले एक पोट सुटलेले गृहस्थ. म्हटलं, हे गेले. ते जागचे हललेसुद्धा नाहीत, कोर्टभर मीच पळत होतो. सर्व्हिस करताना शटल दोनदा माझ्याच बुटावर पडलं. कारण : पंख्यांचा वारा. (पंखे बंद होते, असं मुलगी म्हणते. तिला इतक्या लांबून काय दिसणार?)
हरलो ते एका परीने बरंच झालं. आता सगळं लक्ष संघावर. म्हणजे चौघांवर.

१६ नोव्हेंबर, सकाळ
आज सांघिक सामना. हॉलच्या दारातच टायरवाला शिंकला. लगेच सर्दीची गोळी दिली. तो परत शिंकला. आणखी एक दिली. म्हणाला, झोप तर नाही ना येणार? गिऱ्हाइकांना मी रोज सांगतो, ही घेऊन गाडी चालवू नका. पण ते गाडीचं झालं. बॅडमिंटनबद्दल पाकिटावर काही लिहिलेलं नाही.

१६ नोव्हेंबर, दुपार
टायरवाला झोपला. बाकावर, बुटांसकट, तोंड उघडं टाकून. सगळ्यांनी हलवलं. तोंडावर पाणी मारलं. 'गाडी संध्याकाळी न्या,' एवढं म्हणून कुशीवर वळला. मेहुण्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, भाऊजी, तिसरा सामना तुमचा.
हे बाथरूममध्ये बसून लिहितोय. बाहेर पहिले दोन सामने चालू आहेत. टाळ्या ऐकू येतात, कोणासाठी ते कळत नाही. खिडकी फार लहान आहे. डोकं जातं, खांदे जात नाहीत.
गोळीचा काही संबंध नाही. टायरवाला मुळातच दमलेला असतो.
दार वाजतंय.

१७ नोव्हेंबर
काल हरलो. कोर्टवर जाताना मेहुण्याने पाठीवर हात ठेवला, म्हणाला, जा, मोकळेपणाने खेळा. केवढा मोठेपणा! तिसरा सामना होतोय म्हणजे एक-एक अशी बरोबरी, सगळा भार माझ्यावर, आणि चेहऱ्यावर ताण म्हणून नाही.
कानात फक्त स्वतःचाच श्वास. दुसऱ्या गेममध्ये एक स्मॅश बसला. खराखुरा. शटल समोरच्या खेळाडूच्या पायाशी पडलं आणि क्षणभर भीती कुठे गेली तेच कळलं नाही. मुलगी ओरडली, बाबा! पुढचं शटल नेटमध्ये गेलं. मग सगळीच गेली.
संघ माझ्यामुळे बाहेर. कोणाकडे न बघता बॅग उचलून घरी आलो. फोन बंद करून ठेवलाय. मुलगी दाराबाहेरून काहीतरी सांगत होती. म्हटलं, सांत्वन नको.

१८ नोव्हेंबर
मागच्या गल्लीतून दुकानात गेलो. गणिताचे सर येताना दिसले, काउंटरखाली बसलो. ते बराच वेळ उभे होते. खोकत होते. औषध न घेताच गेले.
संघ बुडवणारा माणूस. लोक हेच म्हणत असणार.

१९ नोव्हेंबर
आता सहन होत नाही. उद्या मेहुण्याकडे जाऊन माफी मागणार. गोळीचंही सांगणार. (गोळीचं तिथे गेल्यावर बघू.)

२० नोव्हेंबर
गेलो. मेहुणा अंगणात गाडी धूत होता. म्हटलं, माझ्यामुळे संघ बाहेर गेला, मला माफ कर. त्याला कळेचना. मग पाइप खाली टाकून म्हणाला, अहो भाऊजी, पहिले दोन्ही सामने आपण हरलोच होतो. तिसरा नुसता नियम म्हणून खेळवला. सांगणारच होतो, पण तुम्ही बाथरूममधून बाहेर आलात तो चेहरा बघून धीर झाला नाही.
मी विचारलं, माझा स्मॅश तरी पाहिलास ना?
म्हणाला, नाही हो, आम्ही तिघं टायरवाल्याला गाडीत घालत होतो.
येताना हायसं वाटेल म्हणून जरा हळू चाललो. वाटलं नाही. इतके दिवस ज्या पराभवाने झोप उडाली, तोसुद्धा माझा नव्हता.
घरी आलो तर हिने विचारलं, सांगितलं का त्याने? म्हणजे हिलाही माहीत होतं. मी म्हटलं, हो.
ही म्हणाली, बरं झालं. हात धुऊन घ्या, पानं घेतलीत.
हात धुतले.