सामायिक विहिरीतला दक्षिण चीन समुद्र

चिंचदरी तांडा, ता. घाटंजी, जि. यवतमाळ
बुधवार, ता. १९ एप्रिल २००६

प्रिय मित्र उकंडा गुरुजी यांना खेमसिंग राठोडचा जयभीम, आणि आमच्याकडून जय सेवालाल.

आम्ही सगळे अजून आपापल्या जागेवर आहोत, त्यावरून बरे आहोत असं धरून चाला. तुमचा गुडघा कसा आहे? चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत तुम्ही वणीच्या चौकात चांगले अर्धा तास नाचलात अशी पक्की खबर आहे. (ह्याच गुडघ्याचं कारण सांगून तुम्ही माझ्या निवृत्तीच्या सत्काराला आला नव्हता. मी विसरलेलो नाही.) कौसल्यावहिनींची शुगर आटोक्यात असेल. आमच्या बसंतीबाईची तब्येत ठणठणीत आहे, फक्त दोन दिवसांपासून ती माझ्याशी बोलत नाही. मी रक्तदाबाची एक गोळी घेत होतो, सोमवारपासून दोन घेतो. डॉक्टरला विचारलेलं नाही, त्याला सगळं सांगत बसायला वेळ नाही. फोन सोडून हे पत्र काहून लिहून राह्यलो असं तुम्ही म्हणाल. तर तांड्यात फोन एकच, तो माझा चुलतभाऊ बादलच्या घरात, आणि भांडण बादलशीच आहे.

मूळ दोष तुमचा आहे, हे आधी लिहून ठेवतो. आपण दोघं इथल्या शाळेवर होतो तेव्हा तुम्ही पृथ्वीचा गोल आणला होता (बूड तुटलेला, तांब्यावर ठेवावा लागे), आणि माझ्या रंजिताने चौथीत असताना निळ्यावर बोट ठेवून विचारलं होतं की हे वावर कोणाचं. ते कोणाचंच नाही, असं तुम्ही छातीठोक सांगितलं. गुरुजी, ते चूक निघालं. त्या निळ्यातला दक्षिण चीन समुद्र म्हणून जो भाग आहे, त्यावर पाच-सहा देश मालकी सांगतात. प्रत्येकाने नकाशावर आपली रेघ ओढली, एकाची रेघ दुसऱ्याच्या रेघेवरून जाते, आणि पाण्यातला बांध-धुरा कोणालाच मान्य नाही. खाली गॅस आहे, वर मासे आहेत, मधून जहाजांची वाट आहे. आता आमच्या पोरीला ह्यातलं काहीच नको. तिला पाहिजे चिखल. समुद्राच्या बुडाशी गाळ थरावर थर बसत जातो, आणि कोणत्या काळात पाऊस कसा पडला ते त्या थरांवरून कळतं, असं तिचं संशोधन आहे. सात हजार वर्षांमागचा पाऊस तिला कळतो. (आपल्या तलाठ्याला मागच्या जुलैचा कळला नव्हता, ती गोष्ट वेगळी.)

फेब्रुवारीत ती गोव्याच्या संस्थेकडून एका परदेशी जहाजावर गेली. दर रविवारी तिथून बादलकडे फोन करायची. मार्चच्या पहिल्या रविवारी फोन आला नाही. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. बसंतीबाई बादलच्या ओसरीत फोनसमोर बसली ती नऊ दिवस तिथेच. मी मास्तर माणूस, घाबरायचं नाही म्हणून शाळेचा जुना नकाशा भिंतीला लावून जहाज कुठं असेल ते बोटाने मोजत बसलो. खोटं कायले लिहू, मी त्या दिवसांत रडलो. (बादल नऊ दिवस वावरात गेला नाही, फोन वाजला की पहिला तोच धावायचा, आणि त्याची रूपीबाई आम्हाला जेवू घालायची. हे कबूल करतो, म्हणजे पुढे तुम्ही मला एकतर्फी म्हणणार नाही.) दहाव्या दिवशी आवाज आला. एका देशाची पहाऱ्याची बोट दोन दिवस त्यांच्या जहाजाभोवती घिरट्या घालत होती, फोन बंद करायला लावले ते बंदर गाठेपर्यंत बंदच राहिले, मग लोक वर चढले आणि काढलेल्या गाळाच्या सगळ्या पेट्या घेऊन गेले. म्हणे बूड आमचं, म्हणून चिखलही आमचाच. आणि दुसऱ्या देशाचं पत्र आलं की आमचा चिखल तुम्ही त्यांना दिलाच कसा. देशांची नावं पोरीने सांगितली नाहीत, तिला तशी ताकीद आहे.

एक नळी तेवढी वाचली. ती रंजिताच्या वाट्याची म्हणून रीतसर कागद करून आधीच्याच बंदरात उतरवली होती. पारदर्शक प्लास्टिकची, हातभर लांब, मनगटाएवढी जाड, दोन्ही तोंडांना झाकणं आणि वरच्या बाजूला बाण. पोरीची नोकरी करारावरची, जूनपर्यंतची. ही नळी धड राहिली तर तिचं तीन वर्षांचं काम उभं राहतं, नाहीतर पोरगी रिकाम्या हाताने घरी येते, हा हिशेब तिने मला सरळ सांगितला. नळी ठेवायची की परत द्यायची याची बैठक दिल्लीला आहे. चेन्नईहून दिल्लीला जाताना ती वर्ध्याला उतरून घरी आली, बर्फाच्या डब्यात ती नळी घेऊन, बाळंतीण बाळाचं टोपलं आणते तशी जपून. बर्फ संपत आला होता. बारा-बारा तास भारनियमन, त्यामुळे तांड्यातला एकमेव फ्रिज (तोही बादलचा) म्हणजे कपाटच. तेव्हा तिनेच आमची विहीर पाहिली, थर्मामीटर सोडला, आणि नळी दुधाच्या कॅनमध्ये उभी ठेवून, कॅन पाण्याच्या जरा वर दोराने टांगली. बाबा, शनिवारपर्यंत थंड ठेवा, उभी ठेवा, उघडू नका, म्हणून गेली. दिल्लीच्या कागदावर तिने 'यवतमाळ जिल्ह्यात शीत ठिकाणी सुरक्षित' असं लिहिलंय.

आता ते शीत ठिकाण सामायिक आहे. विहीर माझ्या आणि बादलच्या बापाने मिळून खोदलेली, पंपाची पाळी एक दिवस त्याची, एक दिवस माझी, आणि धुऱ्यावर नांगराने ओढलेल्या तीन तासांवरून (तीन सऱ्यांवरून) वीस वर्षं आमचं जे चाललंय ते तुम्हाला पाठ आहे. मी दिवसभर विहिरीवर खुर्ची टाकून बसायला लागलो. मास्तर विहिरीवर कायची राखण करून राह्यला, असं सगळ्या तांड्यात झालं. सोमवारी बादलच्या पाळीला मी जेवायला म्हणून पंधरा मिनिटं उठलो, परत आलो तर दोर रिकामा. बादल कॅन घेऊन घरी गेला होता. मी त्याच्या दारात उभा राहून काय काय बोललो ते पत्रात येण्यासारखं नाही. तो शांतपणे म्हणाला (आमच्या गोरबोलीत, तुमच्यासाठी वऱ्हाडीत लिहितो), "भिया, विहीर अर्धी माही, त विहिरीतलं अर्धं माहं." गुरुजी, तिकडच्या पहाऱ्याच्या बोटीने जे इंग्रजीत सांगितलं, ते हा अंगठेबहाद्दरापेक्षा जरा बरा माणूस तांड्यात बसून बोलला. मला हसूही आलं नाही.

त्याच्या डोक्यात काय आहे ते मला ठाऊक आहे. ह्या दोन वर्षांत आपल्या जिल्ह्यात जेवढी पथकं आली तेवढ्या बोंडअळ्या आल्या नसतील. दिल्लीचं पथक, मुंबईचं पथक, एक परदेशी बाई दुभाष्यासकट. कापूस काहून पिकत नाही, पिकला तर काहून विकत नाही, सगळे विचारतात आणि फॉर्म भरून नेतात. कोणाचं नाव मदतीच्या यादीत लागतं, कोणाचं नाही, आमचा तांडा तर यादीतून पुरताच गळाला. अशात मास्तरच्या घरी सरकारी शिक्क्याच्या नळीत माती दिसली. बादलने ठरवून टाकलं की मी गुपचूप माझ्याच वावराची माती संशोधनात घातली आणि त्याची वगळली. ही माती आपली नाही, समुद्राची आहे, असं मी दहादा सांगितलं. समुद्राची माती काळी कशी, म्हणतो. गुरुजी, ती नळीतली माती खरंच आपल्यासारखीच काळसर आहे, त्याला मी काय करू.

काल सकाळी तांड्याच्या नायकाने पंचायत बसवली. मला वाटलं दहा मिनिटांत निकाल लागेल. मी नकाशा आणला, रेघा दाखवल्या, आणि तिथेच घोटाळा झाला. लोक कॅन विसरून समुद्राच्याच मागे लागले. कारभाऱ्याने विचारलं, सातबारा कोणाच्या नावाने? कोणी म्हणालं, जो आधी वहिवाटला त्याचा. आमच्या मानीबाईने (ऐंशीच्या पुढे, दात नाहीत, पण पंचायत चुकवत नाही) विचारलं, तिथं रायते कोन? मी म्हटलं, कोणी नाही. त मंग भांडतेत कायले? बादल माझ्याकडे पाहून हसला. नायकाने दोन तास विचार करून निकाल दिला की वाद नको, नळी मधोमध कापा आणि अर्धी अर्धी घ्या. बादलने पाइप कापायची आरी आधीच आणून ठेवलेली. मी नळीच्या आडवा झालो, गुरुजी. साठ वर्षांचा माणूस, हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेला, तांड्यासमोर मातीत आडवा. कापली तर थर हलतील, थर हलले तर पोरीचं सगळं गेलं, असं ओरडत होतो. बसंतीबाई पदर तोंडाला लावून उठून गेली. शेवटी नायक म्हणाला, शुक्रवारी सकाळी कापू, तोवर कॅन बादलजवळ राहील.

म्हणून विनंती की शुक्रवारी सकाळच्या पहिल्या एसटीने तुम्ही या. बादल दुसरीपर्यंत तुमच्याच हाताखाली होता, तुमचं ऐकतो, माझं ऐकून घ्यायला तो माझा भाऊ लागतो. गुडघ्याचं कारण या वेळी चालणार नाही. शनिवारी पोरगी आली आणि तिच्या हाती अर्धी नळी दिली, तर मी तिच्याकडे वर मान करून पाहू शकणार नाही. वहिनींना नमस्कार.

तुमचा,
खेमसिंग

ता. क. गुरुवार सकाळ. काल वणीची एसटी आलीच नाही, म्हणून कंडक्टरच्या हाती द्यायचं पत्र खिशातच राहिलं. आता तुम्ही यायचं कारण नाही. सकाळी मी बादलच्या घरी गेलो, भांडायलाच गेलतो. घरातल्या सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात कॅन उभी, भोवती ओलं पोतं, आणि रूपीबाई घड्याळ पाहून पोत्यावर पाणी मारत होती. बसंतीबाई तिथेच बसलेली. (दोन दिवस ती तिथेच जात होती म्हणे.) मी झाकण काढलं. नळी उभी, बाण वर. तिच्या शेजारी साखरेची पिशवी, तिच्यात आपली काळी माती, आणि चिठ्ठी, तुम्ही शिकवलेल्या मोठ्या मोठ्या अक्षरांत: 'बादल धनसिंग राठोड, गट नंबर ४७, दीड एकर, दोनदा पेरलं, उगवलं नाही, काहून?' बादल म्हणाला, "तीन पथकं आली, भिया. रूपीचं वय लिवलं, ढोरं मोजली. वावरात कोनी उतरलं नाही." अर्धी नळी त्याला कधी पाहिजेच नव्हती, आरी मला घाबरवायला होती; त्याची माती नळीसोबत तपासायला जावी, एवढंच त्याला पाहिजे होतं. नायकाला सांगून तो वाद मिटवून आला आहे, कॅन परत विहिरीत टांगली. मग सहज म्हणाला, आपण नळीला हात लावला नाही, पण वरच्या झाकणाला पंपाच्या वायरची काळी टेप आहे, ती जहाजावरची का? मी हो म्हटलं.

ता. क. दोन. ती जहाजावरची नाही. रंजिता गेली त्या दुपारी मीच कॅन वर ओढली होती. आमचे वाडवडील समुद्रकाठावरून बैलांवर मीठ लादून इथपर्यंत आणायचे. त्यानंतर रंजिता सोडली तर आमच्या घरात कोणी समुद्र पाहिला नाही, मी नागपूरच्या पुढे गेलो नाही. मला फक्त पाहायचं होतं. नखाने एक चिमूट काढून जिभेवर ठेवली, नीट कळेना म्हणून दुसरी. खारट आहे, गुरुजी. पण रंजिता म्हणाली होती की वरचा बोटभर थर म्हणजे शेवटची दोन-तीनशे वर्षं. म्हणजे मिठाचे बैल त्यात, तांडा बसला ते साल त्यात, तुमच्या धम्मदीक्षेचा छप्पनचा दसरा त्यात, माझी नोकरी त्यात, आणि ही कापसाची मेली वर्षंही त्यातच. तेवढं सगळं मी खाल्लं, आणि टेप लावून खुर्ची टाकून राखणीला बसलो. तुमच्याकडे फोन आहे, रंजिताचा नंबर पाठीमागे लिहिलाय. शनिवारच्या आत तिला हे तुम्ही सांगा. माझ्याच्याने होत नाही. ती रागावली तर माझ्यातर्फे ऐकून घ्या. आणि तिच्या अहवालात आता आपल्याच वर्षांची जागा रिकामी राहील, त्या जागी बादलची पिशवी चालते का, तेवढं विचारा.