मुक्ताला विचारायचं राहिलं

११ जानेवारी २०२१, लेकीच्या घरी, ट्रुगानिना

सकाळी जावई, डेल, गॅरेजमध्ये फोनवर बोलत होता. आत आला, हात धुतले आणि मुक्ताला म्हणाला, एका कॉलेजच्या टीमला कोच हवाय, मला घेतलं. मु.ने लॅपटॉपवरून मान उचलली नाही. "कुठलं कॉलेज? इथलं?"
"नो. होम."
होम म्हणजे अमेरिका. पुढच्या महिन्यात हजर व्हायचंय. होकार कळवून झालाय.
मु.ने मीटिंगचा माइक बंद केला. मी पोळ्या करत होते. एक पार करपली तेव्हा वासाने कळलं.

१२ जाने.
इराने दोनदा विचारलं, "आजी, व्हाय इज नोबडी टॉकिंग?" नऊ वर्षांच्या पोरीला काय सांगू.
डेलबद्दल वाईट लिहवत नाही. अमेरिकेत तो व्यावसायिक फुटबॉल खेळायचा, तिथला, चेंडू हाताने फेकायचा; क्वार्टरबॅक. म्हणजे चेंडू हातात घेऊन पुढे काय करायचं ते क्षणात ठरवणारा. सहा वर्षं, त्यातली चार बाकावर बसून. मग खांदा गेला. मु.साठी इथे आला. आता वेअरहाउसमध्ये फोर्कलिफ्ट चालवतो. शनिवारी इथल्या क्लबच्या मुलांना शिकवायचा, तेही लॉकडाऊनमध्ये बंद पडलं. गेलं वर्ष त्याने कसं काढलं ते मी पाहिलंय. मी महिनाभरासाठी आले होते, अकरा महिने झाले. पुण्याचं विमान मिळत नाही.
पण असं न विचारता?

१३ जाने.
आज जे ऐकलं ते ऐकायला नको होतं.
दुपारी दोघांचं जोरात सुरू झालं. मु. म्हणाली, "यू डिडन्ट इव्हन आस्क मी." तो म्हणाला, "आय आस्क्ड युअर मदर. शी सेड यू'ड बी हॅपी."
मु.ने माझ्याकडे पाहिलं. मला काही आठवेना. नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि आठवलं.
नोव्हेंबरात मागच्या अंगणात तो टोमॅटोला पाणी घालत होता. म्हणाला, "आई, इफ आय गेट वर्क बॅक होम, विल मुक्ता बी ओके?" माझ्या कानावर वर्क आलं आणि होम आलं. सगळं जग घरून काम करतंय. मला वाटलं बिचाऱ्यालाही घरून काही काम मिळतंय. मी म्हटलं, "व्हेरी गुड. शी विल बी व्हेरी हॅपी."
तीस वर्षं भूगोल शिकवला. होम कुठे आहे एवढं विचारायचं सुचलं नाही.

१४ जाने.
संक्रांत. तिळगूळ केला नाही.
सकाळी डेलला गाठून सगळं सांगितलं, जमेल तशा इंग्रजीत. तो पायरीवर बसला. रागावला नाही. रागावला असता तर बरं होतं. म्हणाला, "सो आय आस्क्ड नोबडी."
मी म्हटलं, आता विचार. तो म्हणाला, आता सही केलीय, आता विचारलं तर ते विचारणं नाही.

१९ जाने.
मु. त्याला म्हणत होती, माझी नोकरी इथे, इराची शाळा इथे, आणि आईला कुठे ठेवू?
ठेवू. सामान असल्यासारखं.
संध्याकाळी तिला म्हटलं, माझं निमित्त करू नकोस. जायचं नसेल तर जायचं नाही म्हण. ती म्हणाली, "तू बाबांच्या मागे चार गावं फिरलीस. तुला कुणी विचारलं होतं?"
नव्हतं विचारलं. विचारायची असते ही गोष्ट, हेच मला तेव्हा...

२८ जाने.
डेलला परवानगी आली. इथून बाहेर पडायलाही सरकारची परवानगी लागते हे मला आत्ता कळतंय. आत येऊ देत नाहीत हे ठाऊक होतं.
तो कागद त्याने टेबलावर ठेवला. मु. त्यावरून नजर फिरवून भांडी लावायला गेली.

१२ फेब्रु.
पुन्हा लॉकडाऊन, पाच दिवस. दुपारी बातमी आली. डेलचं विमान परवा. विमान आहे म्हणतात.

१४ फेब्रु.
गेला. दोन बॅगा. टॅक्सीने. मु. म्हणाली, नियम आहे, आम्हाला विमानतळावर येता येणार नाही. नियम होता की नाही ते मी बघितलं नाही.
इरा त्याला सोडेना. तो माझ्या पाया पडला. बारा वर्षांत पहिल्यांदा. कुठून शिकला कोण जाणे. दारात मु.समोर उभा राहिला. मग मास्क वर ओढला आणि गेला.

६ मार्च
सकाळी डेल व्हिडिओवर आला. तिथे काल दुपार. मागे मोठं मैदान, खुर्च्या सगळ्या रिकाम्या. मुलं पळत होती. मध्येच एकावर ओरडला, "आइज अप, लुक बिफोर यू थ्रो." असा खणखणीत आवाज मी या घरात कधी ऐकला नव्हता. इतकी वर्षं तो आमच्यात हळू बोलत होता का?
इरा म्हणाली, "डॅड साउंड्स लाइक अ डिफरंट पर्सन."
मु. कॅमेऱ्यात आली नाही. पण ओट्याशी उभी राहून पूर्ण ऐकलं तिने.

९ मार्च
इराच्या शाळेचा कागद शोधायला मु.चा खण उघडला. त्यात सरकारचं पत्र. मु. आणि इरा, दोघींची नावं. देश सोडायची परवानगी मंजूर. तारीख २ फेब्रुवारी.
२ फेब्रुवारी. म्हणजे तो दारात उभा होता तेव्हा हे पत्र या खणात होतं.
मी तिथेच बसले. मु. आली, तिने पाहिलं. म्हणाली, "अर्ज करून ठेवला. जाणार आहे असं नाही."
"त्याला सांगितलंस?"
"नाही."
"का गं?"
"त्याने विचारलं का मला? नुसतं सांगितलं. विचारू दे."
"आणि नाहीच विचारलं तर?"
तिने पत्र घडी करून परत ठेवलं. मला म्हणाली, तू मध्ये पडू नकोस.

१० मार्च
स. फोन वाजला. डेल. इराने माझ्या हातात दिला. हवा, जेवण, माझे गुडघे. मग म्हणाला, "आई, हाऊ इज मुक्ता? डू यू थिंक शी वुड..."
पुढचं मी ऐकून घेतलं नाही. "आय डोन्ट नो. यू आस्क हर," म्हटलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन फोन तिच्यापुढे धरला.
तिने हात पुसले. फोनकडे बघत राहिली. मग घेतला आणि मागच्या अंगणात गेली, दार ओढून घेतलं.
पाऊण तास झाला. काचेतून पाठ दिसतेय. बोलतेय की ऐकतेय, कळत नाही.